रोग रेड्याला, औषध पखालीला



रविवारची मिस्सा आटोपून चर्चचे आवार रिकामे झाले, म्हणजे मागे दोन प्रकारच्या खुणा उरतात. एक, मुलांनी टाकलेल्या गोळ्या-चॉकलेटांच्या कागदांची. आणि दुसरी, जेथे जेथे गाड्या उभ्या होत्या तेथे तेथे पडलेल्या काळपट, तेलकट डागांची. पहिली खूण झाडूने जाते. दुसरीविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. धर्मगुरूने गाडीच्या तेलाविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु ज्या गोष्टीपायी आमच्या धर्मग्रामातील दोन घरांचे बोलणे-चालणे जवळजवळ सहा महिने बंद होते, ती गोष्ट धर्मगुरूच्या कक्षेबाहेरची आहे असे आम्हांस वाटत नाही.

आपला खानापूर तालुका हा रानाचा, पावसाचा आणि विखुरलेल्या वस्त्यांचा तालुका. एके काळी येथे बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते. पुढे १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटॅडोर आली आणि लोकांच्या जिभेवर ते नाव कायमचे बसले. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली. १९८८ पासून तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज आपल्या रस्त्यांवर दिसणारी प्रत्येक ओम्नी ही वापरून जुनी झालेलीच आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी सुस्थितीत आहे असे ठरल्यास पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. अशाच जुन्या गाड्या आज अडलेल्या बाळंतिणीला रात्री-अपरात्री खानापूरच्या दवाखान्यात पोहोचवितात, पोरांना शाळेला नेतात, आणि ज्यांना चालवत नाही अशा आजी-आजोबांना मिस्सेला आणतात. तेव्हा जुनी गाडी नीट राखणे ही नुसती मालकाच्या खिशाची बाब नव्हे. तिच्यात बसणाऱ्यांच्या जिवाची ती बाब आहे.

गाडीखाली एखादा थेंब दिसला म्हणजे बहुतेक जण म्हणतात, “जुनी गाडी, थोडे गळणारच.” या ‘थोडे’चा हिशेब एकदा मांडून पाहू. सुमारे वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर पाच मिनिटांस एकच थेंब पडला, तर दिवसाला २८८ थेंब, म्हणजे चौदा मिलिलिटरहून थोडे अधिक. महिन्याला सव्वाचारशे मिलिलिटरच्या वर. लहान व्हॅनच्या गिअरबॉक्समध्ये एकूण तेल मावते एक ते दीड लिटरच्या आसपास. म्हणजे दोन महिन्यांत निम्म्याहून अधिक तेल रस्त्यावर सांडलेले असेल. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण उलट दिशेनेही तितकीच खरी आहे. त्यातून अशा गाड्यांत गिअरबॉक्समधील तेल कमी झाल्याची सूचना देणारा दिवा नसतो. इंजिनाचे तेल पाहावयास पट्टी असते. येथे बहुधा तीही नसते. प्रथम एक बारीक घरघर ऐकू येते, मग गिअर जड पडू लागतो, आणि एके दिवशी घाटात बेअरिंग जळून गाडी जागच्या जागी अडते. दहा कुमारींच्या दाखल्यातील पाचजणींजवळ दिवे होते. नव्हते ते तेल. आणि ते नाही हे त्यांस कळले ते नेमके नको त्या वेळी.

आता ज्या दोन घरांचा आम्ही वर उल्लेख केला, त्यांची हकिकत सांगतो. एक गृहस्थ जुनी व्हॅन भाड्याने चालवितात. त्यांचा मावसभाऊ गाड्या दुरुस्त करणारा मेस्त्री आहे. दोघे एकाच अंगणात वाढलेले. व्हॅनच्या गिअरबॉक्सच्या मागील टोकाला तेल दिसू लागले, तेव्हा भावाने तेथील सील बदलून दिले. पंधरा दिवस कोरडे गेले आणि पुन्हा तेल दिसू लागले. दुसरे सील बसविले. तीच गत झाली. तिसऱ्या वेळी मात्र शब्दाला शब्द लागला. गाडीवाल्याचे म्हणणे असे, की मेस्त्रीने हलके सील घालून चांगल्या सीलचे पैसे लावले. मेस्त्रीचे म्हणणे असे, की हा तेल प्रमाणाबाहेर भरतो आणि गाडी वाटेल तशी हाणतो. तिसऱ्या सीलचे पैसे अडून राहिले. गाडीवाल्याच्या मुलीच्या प्रथम कम्युनियनला मावशीच्या घरचे कोणी आले नाही. बघता बघता गावात दोन बाजू झाल्या.

या हकिकतीचा शेवट सांगण्यापूर्वी, हे सील म्हणजे काय आणि ते तेल कसे अडविते, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागील टोकातून एक लांब दांडा निघतो, त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. तो मागच्या आसापर्यंत ही शक्ती नेतो. पेटीच्या आत दातेरी चाके तेलात बुडून फिरतात. हे तेल दात्यांमधील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि झिजेचे कण तळाशी नेऊन ठेविते. परंतु पेटी कितीही बंद केली, तरी फिरणारा दांडा आत-बाहेर जावयास भोक ठेवावेच लागते. त्या भोकाशी जे रबरी कडे बसवितात ते ऑइल सील. त्याला आतल्या बाजूस एक पातळ ओठ असतो. ओठामागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते, ती त्याला दांड्यावर अलगद आवळून धरते.

पूर्वी हे सील रबराचे नव्हते, कातड्याचे होते. जर्मनीतील वाइनहाइम या गावी फ्रॉयडेनबर्ग घराण्याचा कातडी कमावण्याचा मोठा कारखाना होता. १९२९ च्या जागतिक मंदीच्या काळात त्यांनी मोटारींसाठी कातड्याची सील करण्यास आरंभ केला. तेथील अभियंता वाल्टर सिमर याने त्यात सुधारणा केल्या, आणि त्याच्या नावावरून जर्मनीत आजही अशा सीलला ‘सिमरिंग’ म्हणतात. पुढे कातड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. ज्यांच्या घरी पूर्वी मोट चालत असे, किंवा ज्यांनी अथणीच्या चर्मकारांचे काम पाहिले आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको: कातड्याला तेल मिळाले तर ते मऊ राहते, कोरडे पडले तर कडक होऊन तडकते. रबराचेही तसेच आहे. उन्हाने, उष्णतेने आणि वयाने ते कडक होते. मग ओठ दांड्याला धरून राहत नाही आणि तेल वाट काढते. जुन्या गाडीत सील जाणे हा कोणाचा अपराध नव्हे, तो वयाचा धर्म आहे. परंतु नवे सील पंधरा दिवसांत जाते, तेव्हा त्याला वयाचे कारण लागू पडत नाही. तेथे निराळे कारण शोधले पाहिजे.

शोध कसा करावा? पहिली पायरी अशी, की जे गळते ते काय आहे हे ओळखावे. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि थेंब नेमके कोठे पडतात याची खूण करावी. इंजिनाचे तेल वापरून काळे झालेले असते. गिअरचे तेल दाट, मधासारखे चिकट असते, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. दात्यांवरील दाब सोसण्यासाठी त्यात जी द्रव्ये मिसळलेली असतात त्यांचा तो वास. रेडिएटरचे पाणी हिरवे किंवा लाल, पातळ असते. आणि फिकट, पातळ, बोटाला निसरडे लागणारे, रंगावर पडले तर रंग उठविणारे द्रव चाकाजवळ दिसले, तर ते ब्रेकचे ऑइल होय. ते दिसताच गाडी जागची हलवू नये. गिअरचे तेल काही दिवसांची सवड देते. ब्रेकचे देत नाही.

दुसरी पायरी साफसफाईची. जुन्या गाडीचा तळ चिखल आणि तेल यांच्या थराने माखलेला असतो. त्या थरावर बोट ठेवून “येथून गळते” असे सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय. ब्रशाने आणि थोड्या डिझेलने पेटी स्वच्छ धुवावी, फडक्याने कोरडी करावी, वाळू द्यावी, आणि तिच्यावर अंगाला लावावयाची पांढरी पावडर भुरभुरावी. मग चार-पाच मैल गाडी चालवून पुन्हा पाहावे. पावडरीवर ताज्या तेलाची रेघ स्पष्ट उमटते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गाडी पळत असता वारा तेल मागे नेतो, आणि तेल आपल्या वजनाने खाली येते. म्हणून डाग जेथे दिसतो त्याच्या वर आणि पुढे मूळ असते. सर्वांत ओली जागा ही पुष्कळदा गळतीची जागा नसतेच. ज्या जागी ओल पहिल्याने उमटते ती गळतीची जागा होय.

तिसरी पायरी तेलाची पातळी पाहण्याची. गाडी सपाट जागी उभी करावी, थंड होऊ द्यावी, आणि पेटीच्या कुशीला जो भरण्याचा प्लग असतो तो उघडावा. बहुतेक पेट्यांत तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असले की पुरे. त्याहून अधिक भरले, तर जास्तीचे तेल सीलवाटे बाहेर येऊ पाहते. आणि तेल बदलावयाचे झाल्यास एक नियम कधीही मोडू नये: आधी भरण्याचा प्लग सैल होतो की नाही ते पाहावे, मगच खालचा ड्रेन प्लग काढावा. तेल सारे सोडून दिल्यावर वरचा प्लग गंजून घट्ट बसला आहे असे कळले, तर भरावयाचे कोठून? काढलेल्या तेलाकडेही नीट पाहावे. करड्या, बारीक भुकटीची साय असली तर ती नेहमीची झीज होय. नखाएवढे लोखंडाचे तुकडे दिसले, तर दुखणे आतले आहे. आणि तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल, तर आत पाणी शिरले आहे. ओढ्यातून गाडी घालणाऱ्या आपल्या भागात हे विशेष पाहावे.

चौथी पायरी, गळतीच्या जागा सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने तपासण्याची. ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर चपटा झाला असेल, तर नवा घालावा; हे काम काही मिनिटांचे आहे. स्पीडोमीटरची केबल जेथे पेटीत शिरते तेथे एक लहान रबरी कडे असते, ते पाहावे. गिअर बदलण्याचा दांडा जेथे आत जातो ती जागा पाहावी. पेटीच्या दोन भागांचा सांधा पाहावा. मग मागील टोकाचे सील. आणि सर्वांत शेवटी पुढचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले सील. कारण त्यासाठी पेटी खाली उतरवावी लागते. तेथे तेल दिसले तर ते इंजिनाच्या मागील सीलचे की गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचे, हे रंगावरून आणि वासावरून आधी ठरवावे, नाहीतर पेटी उतरवूनही चुकीचे सील बदलले जाते. आणि एकदा पेटी उतरविलीच, तर क्लच प्लेट तेलाने भिजली आहे काय हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. सील स्वस्त असते. महाग पडते ती पुन्हा पुन्हा करावी लागणारी मजुरी.

इतके सारे केले, आणि तरीही नवे सील टिकत नाही, तर काय? आमच्या त्या दोन भावांची गाडी नेमकी येथेच अडली होती. दोघेही सीलविषयी भांडत होते. ते सील का हरते, हे कोणी विचारले नव्हते.

आम्ही दोघांना एका संध्याकाळी बोलाविले. कोण खरा आणि कोण खोटा, याचा निवाडा आम्ही करणार नाही, असे आधीच सांगितले. एवढेच म्हटले, की गाडी तुम्हां दोघांसमोर पहिल्यापासून क्रमाने तपासली जावी. तळ धुतला गेला. तेलाची पातळी पाहिली, ती बरोबर होती. तेव्हा ‘जास्त भरतो’ हा आरोप गळून पडला. सीलवरील आकडे आणि छाप पाहिले, माल चांगल्या प्रतीचा होता. तेव्हा ‘हलके घातले’ हाही आरोप गेला. मग दोघे एकाच गाडीतून खानापूरपर्यंत जाऊन आले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते शेजारी शेजारी बसले असतील. परत येताच मेस्त्रीने हातमोजे घालून, तोंड बाजूला ठेवून, भरण्याचा प्लग हळूच अर्धा फेरा सैल केला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा ‘फुस्स’ असा आवाज झाला.

मेस्त्री क्षणभर थांबला आणि म्हणाला, “दादा, सील चांगलंच हाय की! वारं कोंडलंय आत.”

वाचकहो, प्रत्येक गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जाण्या-येण्याचे एक बारीक छिद्र असते. त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी चालू लागली की पेटी तापते आणि तिच्यातील हवा प्रसरण पावते. पेटी ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर बंद हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोनशे ग्रॅम. ही जास्तीची हवा ब्रीदरवाटे बाहेर जावयाची असते. ते छिद्र बुजले, तर हवा दुसरी वाट शोधते, आणि सर्वांत नाजूक वाट म्हणजे सीलचा ओठ. साधे सील तेल अडविण्यासाठी केलेले असते, कोंडलेली हवा अडविण्यासाठी नव्हे. नवे असता ते काही दिवस तग धरते. मग ओठ उलटतो, झिजतो, आणि हवेबरोबर तेलही बाहेर पडू लागते. गाडी थंड झाली म्हणजे याच्या उलट घडते: पेटी बाहेरची हवा आत ओढते, आणि ती ओढ्यात उभी असेल तर पाणीही ओढते.

आमच्या गाडीचा ब्रीदर मातीने बुजला होता. ती चाकांनी उडविलेला चिखल नव्हती. आत नीट लिंपलेली, वाळून टणक झालेली मऊ माती होती. उन्हाळ्यात गाडी महिनाभर छपरात उभी होती, तेव्हा कुंभारीण माशीने तेथे घर केले असावे. कोणी हसू नये. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील प्वेर्तो प्लाता येथून निघालेले बिर्गेनएअर कंपनीचे विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील १८९ माणसे मृत्यू पावली. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी बुजलेली असल्याचे चौकशीत दिसून आले. विमान काही आठवडे जमिनीवर उभे होते, आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच मातीचे घर करणाऱ्या माशीवर गेला. लहान छिद्राला लहान समजू नये.

ब्रीदर तारेने मोकळा केला, पंपाने हवा मारून साफ केला. यास खर्च काहीच आला नाही. तरी तिसऱ्या सीलचा ओठ बिघडलेला होता, म्हणून चौथे बसवावे लागले. ते काम कसे केले हेही सांगतो, कारण घरच्या घरी हे करणारे तरुण आमच्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत.

प्रथम सुरक्षितता. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. लोखंडी स्टँड लावावेत आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके द्यावेत. आपल्याकडे चिरे हाताशी असतात, म्हणून ते गाडीखाली रचण्याची सवय आहे. ती सोडावी. जांभा दगड वरून अखंड दिसतो आणि भाराखाली एकाएकी फुटतो. सिमेंटच्या पोकळ विटेचेही तसेच. मग प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी, तो आणि ज्या तबकडीला तो जोडलेला असतो ती, या दोहोंवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पुन्हा जोडताना रेघेला रेघ मिळवावी, नाहीतर गाडी थरथरते. शाफ्टचे टोक पेटीतून ओढून काढावे आणि खाली भांडे ठेवावे.

जुने सील आकड्याने ओढून काढावे, पण त्याच्या घराला ओरखडा पडू देऊ नये. सीलवर बहुधा तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते लिहून घ्यावे, आणि शक्य तर जुने सीलच दुकानात न्यावे. मग शाफ्टचे जे टोक सीलमध्ये फिरते त्यावरून नख फिरवावे. नख अडकले, तर तेथे ओठाने खोबण पाडली आहे असे समजावे. खोबण हलकी असेल आणि जागा असेल, तर नवे सील एखादा मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो. खोल असेल, तर टोक बदलावे किंवा त्यावर पातळ स्लीव्ह चढवावी. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर अशी कामे करणारे कारागीर आहेत. टोक आत घालून वर-खाली हलवूनही पाहावे. ते खडखडत असेल, तर आतला बुश झिजला आहे, आणि अशा ठिकाणी कोणतेही सील टिकणार नाही.

नव्या सीलच्या ओठाला थोडे गिअर ऑइल लावावे. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे असावी. सीलच्या मापाचा पाइपाचा तुकडा किंवा सपाट लाकूड ठेवून, चोहोबाजूंनी सारख्या हलक्या ठोक्यांनी ते आत बसवावे. एका बाजूने ठोकलेले सील तिरपे बसते आणि त्याच दिवशी गळते. शेवटी तेल भरावे, ते गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच. जीएल-४ च्या जागी जीएल-५ घातले म्हणजे अधिक चांगले, असा एक समज आहे. परंतु काही जीएल-५ तेलांतील द्रव्ये आतील पितळी कड्यांस अपायकारक ठरतात. गळती थांबविण्याची म्हणून जी औषधे बाटलीत मिळतात, ती रबर फुगवून काही दिवस निभावतात. दवाखान्याच्या वाटेवर अडल्यास तेवढ्यापुरती त्यांची सोय असेल. तो उपचार नव्हे. बाहेरून लुकण थापणे तर त्याहून वाईट, कारण त्यामुळे पुढे मूळ शोधणेही अवघड होते.

काढलेले तेल गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. आपल्या तालुक्यातील कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे कित्येक गावांची तहान भागविते, आणि आपले ओढे तिलाच मिळतात. वापरलेल्या तेलाची गणना २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात केली आहे. ते डब्यात साठवून, अधिकृतपणे गोळा करणाऱ्यांकडे पोहोचवील अशा गॅरेजात द्यावे.

आता त्या दोन भावांविषयी राहिलेले. मेस्त्री म्हणाला, “तीनदा सील बदललं, पण का जातंय ते एकदाबी बघितलं नाही. तिसऱ्याची मजुरी मला नको.” गाडीवाला म्हणाला, “मजुरी घे. मी तुला चोर म्हटलंय चारचौघांत, त्याचं काय?” यावर मेस्त्री काही बोलला नाही. पुढच्या रविवारी गाडीवाल्याने ज्या चार माणसांपुढे तो शब्द उच्चारला होता, त्यांच्याच पुढे तो परत घेतला. आमच्या मते त्या साऱ्या दुरुस्तीतले हेच काम सर्वांत अवघड होते.

आठवी आज्ञा आपण सर्व जण तोंडपाठ म्हणतो, आणि खोटी साक्ष म्हणजे कोर्टातली साक्ष असे समजून निश्चिंत राहतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ याच आज्ञेखाली आणखी एक पाप सांगतो: पुरेसा आधार नसता शेजाऱ्याचा दोष मनात खरा धरून चालणे. लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी आपल्या साधनाग्रंथाच्या आरंभीच अशी शिकवण दिली आहे, की दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी आधी ठेवावी, आणि तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे. गाडीवाल्याने मेस्त्रीला दोष दिला, मेस्त्रीने गाडीवाल्याला, आणि दोष होता बुजलेल्या एका छिद्राचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्या वाडवडिलांनी म्हण केली ती उगीच नव्हे. घरात सून-सासूचे, भावा-भावाचे, बाप-लेकाचे जे तंटे आमच्यापर्यंत येतात, त्यांतही पुष्कळदा असेच असते. जेथे फुटते तेथे आपण ठिगळ लावतो. आत काय कोंडले आहे ते विचारीत नाही. आणि जोवर ते कोंडलेले आहे, तोवर ठिगळ कितीही चांगले असो, टिकत नाही.

२५ जुलैला, संत ख्रिस्तोफर यांच्या सणाच्या सुमारास, आपल्यापैकी कित्येक जण गाडीवर आशीर्वाद मागावयास येतात. अवश्य यावे, वाहनांच्या आशीर्वादाचा विधी ख्रिस्तसभेने उगीच ठेवलेला नाही. परंतु कृपा ही निसर्गाला बाजूस सारीत नाही, त्याला पूर्णत्वास नेते, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण गाडीलाही लागू आहे. पवित्र पाण्याने ब्रीदर मोकळा होत नाही. तो तारेनेच मोकळा करावा लागतो, आणि ते काम देवाने आपल्या हातांवर सोपविले आहे.

तेव्हा येत्या शनिवारी प्रत्येक गाडीवाल्याने आपल्या गाडीखाली रात्रभर एक कोरा पुठ्ठा पसरावा, आणि सकाळी मिस्सेला निघण्यापूर्वी तो पाहावा. कोरा निघाला, तर देवाचे आभार मानावे. थेंब दिसला, तर कोणालाही दोष देण्याआधी तळ धुवावा, पातळी पाहावी आणि ब्रीदर तपासावा. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर मेस्त्रीकडे जावे; आणि जाताना मनात संशय घेऊन नव्हे, तर तो पुठ्ठा हातात घेऊन जावे.